गेनूभाऊंचं कोर्टिसोल

आमच्या बोरीतले गेनूभाऊ पाचव्या भाकरीला हात घालताना न चुकता सांगतात, "हे मी खात नाय राव, माझं कोर्टिसोल खातंय!"

हे कोर्टिसोल घरात आलं मंदावहिनींमुळे, म्हणजे भाऊंच्या बायकोमुळे. वर्षभरात त्यांचं वजन भसाभस वाढलं, तेव्हा नारायणगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कोर्टिसोल म्हणून ताणाचं एक हार्मोन असतं, ते तपासू. दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवून आणा." तिसऱ्या दिवशी भाऊ दोन कॅन घेऊन हजर!

"माझीबी तपासा. बाप्याचं आन् बाईचं शरीर ते येगळं जिरवतं, तुमीच म्हणला. मंग जोडीनं बघा की!"

भाऊंचा कॅन परत आला, पण गावाला व्याख्याता मिळाला. उसात बिबट्या दिसला, कोर्टिसोल. टोमॅटोवर करपा पडला, कोर्टिसोल. लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट संपवून वर म्हणायचे, "त्याला उपाशी ठिवलं की लई खवळतंय. डॉक्टरचं सांगणं हाय!" डॉक्टरीणबाईंनी असलं काहीही सांगितलेलं नाही, मी स्वतः विचारून आलोय. सहा महिन्यांत भाऊंचं पोट त्यांच्याआधी घरात शिरायला लागलं. मी पारावर त्यांची नक्कल करायचो आणि लोक हसून लोळायचे.

वहिनींचा रिपोर्ट मात्र चांगला आला. आणि तिथंच घोळ झाला. तपासणीच्या वेळी घाबरून भाऊ देवाला बोलून बसले होते, "सगळं नीट निघालं तर यात्रेत मंदाची गुळाची तुला करीन." नवस तो, माघार कशी घेणार? इकडे वहिनी तर उंबऱ्याबाहेर पडेनात. हळदीकुंकवाला कुणीतरी म्हणालं होतं, "हिला दोन पाट मांडा गं." कुणीतरी कशाला, आमच्याच सौभाग्यवती म्हणाल्या होत्या.

यात्रेला देवळापुढे मोठी तागडी टांगली. ढेपा चढवायला मी उभा. भाऊ वहिनींचा हात धरून आले. सगळं गाव टक लावून बघतंय म्हटल्यावर वहिनी जागीच थिजल्या.

तेवढ्यात भाऊच धप्पकन पारड्यात बसले. "आधी माझ्या कोर्टिसोलचं वजन करा!" ढेपेवर ढेप चढली, पारडं हलेना. शेवटी दुकानातून आणखी ढेपा आणाव्या लागल्या. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हशा.

भाऊ उतरले, टॉवेलनं पारडं पुसलं आणि वहिनींच्या कानाशी वाकले. मी शेजारीच होतो, म्हणून ऐकू आलं.

"बस आता. तुझ्यापरीस दोन ढेपा तरी जास्तच भरलोय. सा म्हैनं त्येच्यासाठीच खातोय."

वहिनी बसल्या. कुणी हसलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ढेप उचलायला खाली वाकलो, तो बराच वेळ वाकूनच राहिलो.