उदरदर्शक यंत्राचा शिरा

एका जंगलात, बाळांनो, आजार फार नव्हते. झाडपाला मुबलक होता, हवा चांगली होती आणि कुणाला ऑफिसला जायचं नव्हतं. तरी तिथे दोन डॉक्टर होते. जंगल कितीही चांगलं असलं तरी पोट दुखायचं थांबत नाही.

नाकातलं बोट काढा आणि नीट ऐका.

ओढ्याच्या अलीकडे डॉ. काटेकर राहत. ते साळिंदर होते. पलीकडे डॉ. मुंगसे राहत. ते कोण, हे आडनावावरून ओळखा. सगळं मीच सांगायचं का?

काटेकर पोटाचे डॉक्टर. त्यांची पद्धत वडिलांकडून आलेली. पेशंटला आडवं करायचं, फणस पिकलाय का बघावं तशी पोटावर टिचकी मारायची आणि विचारायचं, "काल काय खाल्लंस?"

पेशंट सांगायचा. डॉक्टर म्हणायचे, "ते आता खाऊ नकोस." बहुतेक जण तेवढ्यानेच बरे व्हायचे.

फी म्हणून पेशंट करांदे आणायचे. करांदे म्हणजे जमिनीखाली लागणारे कंद. डॉक्टरांच्या पत्नी साळूबाई ते बिळातल्या कोठीत रचून ठेवायच्या. उन्हाळ्यात जंगलात खायला काही मिळत नसे. तेव्हा त्या कोठीवरच नवराबायकोचं भागायचं. कोठी रिकामी झाली तर उपास, इतकं ते सरळ होतं.

म्हणजे एकंदरीत बरं चाललं होतं. आणि कुणाचं बरं चाललेलं दिसलं की दारात कुणीतरी येतंच. आले ते रंगनाथ सरडे. यंत्रं विकायचे.

"डॉक्टरसाहेब, अजून टिचकीच मारता?" सरडे हिरव्या पानावर बसले होते, म्हणून हिरवे होते.

"का? काय झालं टिचकीला?"

"काही नाही हो. पलीकडे मुंगसेसाहेबांनी उदरदर्शक यंत्र घेतलं. मला वाटलं, तुमच्या कानावर आलं असेल."

डॉक्टरांचे सगळे काटे एकदम उभे राहिले.

यंत्र असं होतं. मोठी काचेची पेटी. पेटीत काजवेच काजवे. पेशंटने समोर उभं राहायचं, की मागच्या केळीच्या पानावर पोटातलं सगळं उमटणार.

"किंमत?" डॉक्टरांनी घसा खाकरून विचारलं.

"छे छे! तुमच्याकडून किंमत घेऊ? यंत्र फुकट. फक्त काजवे आमचेच ठेवायचे. बाहेरचे काजवे आत घातले तर यंत्र रुसतं."

साळूबाई कोपऱ्यात करांदे निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "काजवे खातात काय?"

"अगदी थोडं, वहिनी. करांद्याचा शिरा. मधातला. एकेकाला चिमूटभर."

"आणि काजवे किती?"

सरडे एकदम मातीच्या रंगाचे झाले.

"बरं, दाराचं माप तरी घेतलंत का?" साळूबाईंनी विचारलं.

"अगं, इथे शास्त्र चाललंय आणि तू दार काय घेऊन बसलीस!" डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरांनी हिशेब केला नाही असं मात्र म्हणू नका. केला. जंगलात जितके जीव तितकी पोटं. जितकी पोटं तितके पेशंट. गव्याला तर चार पोटं. हे ऐकून सरड्यांच्या अंगावर सोनेरी छटा आली.

दसऱ्याच्या मुहूर्तावर यंत्र आलं. नारळ फुटला, झेंडूचा हार पडला. यंत्र दारातून आत जाईना. मग दार फोडलं. दार फोडल्यावर ऊन आत आलं आणि उन्हात काजवे दिसेनात. मग वाळ्याचे पडदे लावले. पडदे ओले ठेवायला साळूबाई ओढ्यावरून पाणी आणू लागल्या. पेशंट बसायचे ती गार जागा यंत्राला गेली, आणि पेशंट बाहेर उन्हात बसू लागले. उन्हात बसून काहींचं पोट खरंच दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "बघ, मागणी आहे."

साळूबाई उजाडताच शिरा ढवळायला बसायच्या. आधी यंत्राला, मग डॉक्टरांना, मग उरला तर स्वतःला. पातेलं नीट खरवडलं तर कधी कधी उरायचा.

"अहो, कोठी अर्ध्यावर आली."

"ती गुंतवणूक आहे."

"मग उन्हाळ्यात गुंतवणूक खायची का?"

डॉक्टरांनी फडकं ओलं केलं. ते काच पुसत होते.

आता एवढा शिरा खाणारं यंत्र रिकामं बसवून कसं चालेल? एक ससा पायात काटा मोडून आला.

"पोट बघू," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, पाय."

"पाय कुठे सुरू होतो? पोटाखालीच ना?"

सशाच्या पोटात काळा ठिपका निघाला. मग हरिणीच्या पोटात निघाला. गव्याच्या चारही पोटांत निघाला, तोही एकाच जागी. जंगलात घबराट पसरली. डॉक्टरांनी त्याला ठिपकारोग असं नाव दिलं आणि कडू काढा सुरू केला. "काल काय खाल्लंस?" असं आता ते कुणाला विचारत नसत. पानावर सगळं दिसत असताना पेशंटशी बोलायचं कशाला? लोक रांगेने करांदे घेऊन आले. ते काजव्यांनी खाल्ले.

मग यंत्राची देखभाल करणारे बगळे आले. त्यांच्याशी वर्षाचा करार होता.

"येणं करारात आहे," बगळे म्हणाले. "एका पायावर उभं राहून बघणंही आहे. हात लावायचा असेल तर त्याचे वेगळे."

साळूबाईंनी कोठीतली शेवटून दुसरी टोपली पुढे केली. बगळ्यांनी काचेला आतून चिकटलेला एक मेलेला काजवा चोचीने टिपला आणि गिळला. त्या दिवसापासून जंगलातला ठिपकारोग समूळ नाहीसा झाला. जंगलाने डॉक्टरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. हसू नका, असे सत्कार होतात.

फक्त बगळ्यांची चोच लागून काच तडकली होती. नवी काच यायची होती. कधी, ते करारात नव्हतं. तोवर यंत्र बंद. पण यंत्र बंद पडलं म्हणून काजव्यांची भूक बंद होत नाही. शिरा चालूच राहिला. शेवटची टोपलीही संपली.

आणि उन्हाळा आला.

एका दुपारी साळूबाई चुलीपाशीच खाली बसल्या. पोट धरून. उठवेना. डॉक्टर धावले. त्यांचा हात पोटापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. टिचकी कशी मारायची, आवाज कसा ऐकायचा, काही आठवेना. त्यांनी यंत्राकडे पाहिलं. तडकलेल्या काचेमागे काजवे शिऱ्याची वाट बघत होते. डॉक्टर फार घाबरले, बाळांनो. साळूबाईंवर त्यांचं प्रेम होतं, हे खोटं नाही. बरेच महिने तिकडे बघायला वेळ मिळाला नव्हता, एवढंच.

"चल, मुंगसेंकडे जाऊ," ते म्हणाले. "त्यांचं यंत्र तरी चालू असेल."

ओढा कोरडाच होता. साळूबाईंना धरून धरून त्यांनी पलीकडे नेलं. मुंगसेंच्या दवाखान्यात एक चटई होती आणि एक माठ होता. मुंगसेंनी साळूबाईंना आडवं केलं, पोटावर टिचकी मारली, कान लावला.

"वहिनी, काल काय खाल्लंत?"

"काही नाही."

"परवा?"

"पातेलं चाटलं."

 मुंगसेंनी चुलीत दोन करांदे भाजायला टाकले. "काटेकर, ही भूक आहे. दुसरं काही नाही."

काटेकर इकडेतिकडे बघत होते. "तुमचं यंत्र कुठे ठेवलंय?"

"माझं? गणपतीत सरडे आले होते. म्हणाले, काटेकरांनी घेतलं. मी म्हटलं, झकास! एका जंगलाला एक पुरे."

काटेकरांनी यंत्र घेतलं होतं दसऱ्याला. गणपतीत त्यांनी यंत्राचं नावही ऐकलं नव्हतं. ते त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

आता तुम्हाला वाटेल, डॉक्टर शहाणे झाले. बाळांनो, तुम्ही गोष्टी फार ऐकता, म्हणून तुम्हाला असं वाटतं.

दोघं घरी आले तर सरडे तडकलेल्या काचेवर बसलेले. डॉक्टर त्यांच्यावर तुटून पडले. "लबाडा! माझी बायको उपाशी मरत होती आणि तुझ्या यंत्राने घरातल्या घरात ते दाखवलं नाही!"

सरड्यांनी तोंड काळं करून घेतलं. त्यांना ते सहज जमायचं. "साहेब, चूक आमचीच. जुन्या यंत्रात रिकामं पोट दिसत नाही. नव्यात दिसतं."

 डॉक्टरांनी बराच विचार केला. मग छाती पुढे काढून विचारलं, "दाराचं माप किती?"

"दार तर तुमचं फोडलेलंच आहे, साहेब."

"काजवे खातात काय?"

"नवे काजवे शिऱ्याला तोंड लावत नाहीत. त्यांना लाडू लागतात."

"आणि काच तडकली तर?"

"तडकते, साहेब."

डॉक्टरांचा चेहरा खुलला. ते साळूबाईंकडे वळले. "बघितलंस? या वेळी मी एकही प्रश्न सोडला नाही!"

साळूबाईंनी गाठोडं बांधलं. त्यात शिऱ्याचं पातेलं घातलं आणि कालथाही घातला. मग फोडलेल्या दाराच्या भगदाडातून त्या बाहेर पडल्या.

"अगं, कुठे चाललीस?" डॉक्टर ओरडले. "लाडू कोण वळणार?"

"मी जेवायला चालले," साळूबाई म्हणाल्या.

तात्पर्य: महागडी वस्तू घेण्यापूर्वी तिचा खरा खर्च खोदून खोदून विचारावा. त्याने खर्च कमी होत नाही. पण तो कुणाच्या ताटातून जाणार आहे हे आधी कळतं, आणि लाडू वळायला दुसरं माणूस वेळेवर बघून ठेवता येतं.