वजीहचं पदार्थविज्ञान आणि हाज्जाचे पाव

शिकवणीच्या मास्तरांनी रुदैनाला जिन्यात बसवलं, हे कळलं तेव्हा वजीहचं डोकंच सणकलं. हॉलमध्ये दोनशे पोरं, आणि त्याची लेक पायरीवर! इजिप्तमधल्या केना शहराच्या जमीन नोंदणी कचेरीतला वरिष्ठ कारकून तो (म्हणजे त्याच्याहून कनिष्ठ एकच होता, तोही रजेवर).

"शिकवणी बंद!" तो गरजला. "पदार्थविज्ञान आता व्हिडिओवरून शिकायचं!"

"बाबा, परीक्षा तीन आठवड्यांवर आलीये."

"म्हणून तर!"

कचेरीत ज्याने त्याने आपापला व्हिडिओ सुचवला. चौदा झाले. लेकीला दाखवण्याआधी आपण तपासावेत म्हणून सुट्टीच्या दिवशी वजीह सकाळपासून फोन घेऊन बसला. आठव्या व्हिडिओत एका टकल्या गृहस्थाने नळीने पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात नेलं. ना पंप, ना वीज. वजीह ताडकन उठला. गच्चीवरच्या पिंपाची तोटी गंजून बसली होती, त्यातलं गढूळ पाणी काढून टाकता येत नव्हतं, आणि प्लंबर तीनदा 'उद्या येतो' म्हणून गेला होता.

"रुदैना, वर ये! विज्ञान बघ!"

त्याने नळीचं एक टोक पिंपात बुडवलं, दुसरं तोंडाने ओढलं, दोन घोट गढूळ पाणी गिळलं आणि ते टोक उंच कठड्यावरून मागच्या गल्लीत सोडलं. पाणी धो धो निघालं. त्याची छाती फुगली.

तेवढ्यात पलीकडून किंकाळी आली. "अगं बाई गं! माझे पाव!"

कठड्यामागे गल्ली नव्हतीच, गल्ली डावीकडे होती. खाली होती हजला जाऊन आलेल्या शेजारणीची, हाज्जा सनिय्याची गच्ची, आणि तिथे अकरा माणसांचे आठवड्याचे चाळीस कच्चे पाव भाजण्याआधी उन्हात फुगत ठेवलेले.

वजीहने नळी दोन्ही हातांनी आवळली. "बंद कसं करायचं? पुढचा व्हिडिओ लाव, लवकर!"

"नेटचं पॅकेज संपलं, बाबा. सकाळपासून तुम्हीच बघताय."

"लोक अर्धवट शिकवतात! हरामखोर!"

"वजीह!" खालून हाज्जा ओरडली. "हरामखोर कुणाला म्हणतोस रे?"

"तुम्हाला नाही, हाज्जा! त्या टकल्याला!"

"माझ्या नवऱ्याला?"

रुदैनाने पिंपातलं टोक शांतपणे वर उचललं. पाणी थांबलं. "हे मागच्या वर्षीच झालंय आमचं," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंच नाहीत."

वजीहला सगळ्यांचाच राग आला: मास्तरांचा, प्लंबरचा, त्या गृहस्थाचा. पण हाज्जाचा आवाज जिना चढून येऊ लागला, तसा राग कुठल्या कुठे पळाला. शिक्षा जागच्या जागी ठरली. चाळीस पावांचं पीठ त्याने मळायचं, तेही तिच्या अंगणात, साऱ्या मोहल्ल्यादेखत. तीन तास तो दात-ओठ खात मळत होता. बायका सल्ले देत होत्या, आणि हाज्जाचा टकला नवरा समोरच खुर्ची टाकून बसला होता.

दुसऱ्या दिवशी हाज्जाकडून दोन गरम पाव आले. वजीहने घास घेतला आणि त्याचे डोळेच मिटले. "बघ, रुदैना! बापाच्या हाताला चव आहे!"

"बाबा, हे पाव हाज्जाच्या सुनेने नव्याने मळलेत," रुदैना म्हणाली. "तुमचे सकाळी बदकांना घातले. बदकं अजून त्यांच्याभोवती फिरतायत. हाज्जा विचारतेय, ते पाव फोडायला हातोडा आहे का तुमच्याकडे?"