तपासणीच्या दिवशी नळ

नळाची मूठ हातात आली आणि पाण्याची धार थेट नरहरींच्या छातीवर बसली, तेव्हा तपासणीला जेमतेम वीस मिनिटं उरली होती.

त्यांच्या मुलाने, धनंजयने, विद्यापीठाच्या वसतिगृहातले आणि सेक्टर दहाच्या क्वार्टरांमधले मिळून दोनशे गळके नळ दुरुस्त केले होते. विद्यापीठ त्याचा उद्या सत्कार करणार होतं. फक्त त्याआधी, आज, त्याच्या घरचे लोक पाणी कसं वापरतात ते परीक्षक मॅडम बघून जाणार होत्या. आणि नेमका सकाळी बाथरूमचा नळ ठिबकताना दिसला. स्टील प्लांटच्या ऑफिसात पंचवीस वर्षं कारकुनी केलेल्या नरहरींनी तो जरा जोरात आवळला, इतकंच.

त्यांनी धारेवर तळहात दाबला.

"तुमाले कोनं सांगतलं होतं हात लावाले?" रत्नमालाबाई दारातून म्हणाल्या.

"ते मंग इचारजो. आधी बाहेरचा वॉल्व बंद कर."

वॉल्व गंजलेला. पान्याशिवाय फिरेना. पाना धनंजयच्या पिशवीत, आणि पिशवी विद्यापीठातल्या प्रदर्शनात. रत्नमालाबाईंनी फोन लावून नवऱ्याच्या कानाला धरला.

"बाबा, हाथ मत हटाना. मी येऊन राहिलो, आधा घंटा."

मॅडम मात्र दहा मिनिटं आधीच आल्या.

नरहरींना आतून सगळं ऐकू येत होतं. चहा झाला, पोहे झाले. बोटांमधून निसटणाऱ्या पाण्याने बादली भरली, टब भरला. रत्नमालाबाई मॅडमसमोरून परात, पातेलं, शेवटी कुकरसुद्धा रिकामा आत नेत आणि भरून बाहेर आणत होत्या.

"धनंजयचे बाबा दिसत नाहीत?"

"आंघोळ करून राहिले."

"अर्धा तास झाला. पाणी चालूच आहे," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी वही उघडली.

पानं उलटल्याचा आवाज नरहरींच्या काळजात उतरला. पोराची दोन वर्षांची मेहनत आता एका शेऱ्यावर आली होती.

"मॅडम, आत या," त्यांनी हाक मारली. "कपडे घालूनच हाव मी."

मॅडम दारात थबकल्या. शर्टपँटमध्ये नखशिखांत भिजलेला माणूस भिंतीला चिकटून उभा होता.

"नळ म्या तोडला. लिहाचं असन त माया नावानं लिहा. पोरगा घरी नोहता."

धारेवरचा त्यांचा तळहात घसरू लागला होता. मॅडमनी वही रत्नमालाबाईंच्या हाती दिली आणि पदर खोचला.

"सरका."

"तुमी कायले, मॅडम?"

"तुमचा हात सुटला तर हॉलपर्यंत पाणी येईल. सरका म्हणते ना."

रेल्वे फाटकात अडकलेला धनंजय अखेर पाना घेऊन पोचला, तेव्हा परीक्षक मॅडम नळावर तळहात रोवून उभ्या होत्या आणि बाबा त्यांच्या हाताखाली डाळीचा रिकामा डबा धरून होते.

दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर मॅडमनी धनंजयला प्रमाणपत्र डाव्या हाताने दिलं. उजव्या मनगटाला पट्टी बांधलेली होती, पण ती पदराखाली होती.

"बाएं हाथ से दे रही हैं?" नरहरींच्या शेजारचा गृहस्थ कुजबुजला. "और आप ताली क्यों नहीं बजा रहे?"

नरहरींनी पट्टी बांधलेला आपला उजवा हात खिशात आणखी खोल सारला आणि डाव्या हाताने मांडीवर थापा मारायला सुरुवात केली.