गोदाजीरावांनी समुद्रापार सावली घेतली त्याची हकीकत

सूर्यनारायणास नमन करून आणि ऐकणारांची आज्ञा घेऊन, घडले तैसे लिहिले आहे. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् संवत्सर, ज्येष्ठ मास. एका तापल्या मुलुखात गोदाजीराव ठोंबरे नामे सरदार पाटबंधाऱ्यांच्या चाकरीतून निवृत्त जाहले, आणि त्यांच्या मनी आले की पावसाळी ओलीने पत्नी सगुणाबाईसाहेबांचे गुडघे आखडतात, तर भूमध्य समुद्रातील बेटावर घर घ्यावे, तेथे ऊन विपुल, बाईसाहेबांस शेक मिळेल आणि एरवी पाहुणे ठेवून भाडेही येईल. मग जन्माची शिल्लक घेऊन स्वारी एकटीच बेटावर दाखल जाहली. दलालाने दक्षिण उतारावरची लख्ख घरे दाखविली. रावांचा जन्म उन्हाशी झुंजण्यात गेलेला. म्हणाले, "हे घर की भट्टी? सावलीचे दाखवा!" दलाल चकित जाहला, आणि मग त्याने कड्याआडचे, तीन वर्षे गिऱ्हाईक न मिळालेले घर उघडिले. रावांनी भिंतीस गाल लाविला आणि म्हणाले, "वा! माठासारखे गार!" तत्काळ सौदा केला आणि बाईसाहेबांस फोनवरून कळविले की किल्ला फत्ते.

पौषात बाईसाहेब आल्या. सूर्य काही कड्यावर येईना, आणि भिंती पाझरू लागल्या, आणि पाहुणे आले ते पायरीवरूनच परतले. तीन शाली पांघरून बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, ऊन आणायला निघालात आणि तळघर घेऊन बसलात?"

"उन्हाळ्यात बघा की, मग म्हणाल!"

"तोवर मी चालती राहिले तर ना!"

आणि चौथ्या दिवशी बाईसाहेबांस खाटेवरून उठवेना, तेव्हा रावांचा ताठा उतरला. समोरच्या उतारावर मारूलाबाई नामे विधवा चीज करीत असे. तिचे घर उन्हाचे, म्हणून दर उन्हाळ्यात तिचे चीज नासे. राव मोबाइलास दुभाष्या करून तिच्या दारी गेले आणि म्हणाले, "बाई, मला कोणी फसविले नाही, मीच चुकलो. तुम्हास गारवा पाहिजे, आमच्या बाईसाहेबांच्या गुडघ्यांस ऊन."

मारूलाबाई खदखदून हसली. "तीन वर्षे त्या घरावर माझा डोळा आहे, पैसा कुठला! बाईंना आत्ताच आणा."

मग करार जाहला की रावांच्या घरी चीज मुरावे आणि मारूलाबाईचा वरला मजला गच्चीसह ठोंबऱ्यांनी राहावयास घ्यावा. एका अंगास राव आणि एका अंगास मारूलाबाई, ऐशी खुर्ची उचलून बाईसाहेबांस गच्चीवर नेले. बाईसाहेबांनी डोळे मिटले, पदर सैल केला, आणि घटकाभराने उजवा पाय हळूच लांब केला. राव समोर हात जोडून उभे, की आता काय हुकूम होतो.

बाईसाहेब डोळे न उघडता म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा. तुमची सावली पडतेय माझ्यावर."

राव बाजूला जाहले. येणेप्रमाणे मोहिमेत घर चुकले, गच्ची मिळाली, आणि उभयतांत तह जाहला. खरे तेवढे लिहिले.