गायकवाडांचा संशय आणि माझा मासा

आमच्या बिल्डिंगीतले चौथ्या मजल्यावरचे गायकवाड फ्लॉवरवरही संशय घेतात. बाजारातून आणला की थेट घरात नाही, आधी दाराबाहेर स्टुलावर. माणसाचंही तेच. आधी कोपरापर्यंत साबण, मग "या". सख्खा मेव्हणा लातूरहून आला, तर त्याला जिन्यात बसवून विचारलं, "गाडीत कोण खोकत होतं का?"

तो बिचारा खरं बोलला. "दाजी, डायवर."

झालं! चहा जिन्यातच.

माणूस सरकारी दवाखान्यातला रिटायर कंपाउंडर. बायको गेली, मुलगी सासरी बंगळुरूला. घरात काचेच्या टाक्या आणि त्यांत मासे. एकदा म्हणे दुकानातून एक नवा मासा आणून तसाच टाकीत सोडला, तर बघता बघता रोगानं सगळी टाकी साफ. तेव्हापासून बाहेरून जे काही येईल त्याला गायकवाडांचा एकच शेरा, "शंका आहे."

मी इथल्याच गोडदेव गावचा. ही बिल्डिंग उभी आहे ती आमच्या भातशेतीवर. शिकलो चौथीपर्यंत, पण माणूस ओळखायला शाळा लागत नाही. जो कोणावर विश्वास ठेवत नाही, त्याच्यावर मी तरी कशाला ठेवू?

गेल्या थंडीत पुतण्यांनी आमचं तळं बुजवायला दिलं. डंपर माती ओतायला लागले. मी चिखलात उतरून एक मासा काढला. तांबूस कार्प, हाताच्या पंज्याएवढा. पुतणे काठावरून हसतात, "आबा, बाजारात भेटतो की!" बाजारात मासा भेटतो, तळं भेटत नाही.

ठेवायचा कुठं? टाकी एकाच माणसाकडे. दुसऱ्याच्या घरी न्यायची वस्तू, म्हणून टॉवेलानं शेपटीपर्यंत खसाखसा पुसला आणि बादलीतून वर नेला.

गायकवाडांनी कपाळाला हात लावला. "म्हात्रे, पुसलात की काय?"

"मंग? चिखलान् होता तो."

"अहो, माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा म्हणजे त्याचा पहारेकरी! रोग आधी तिथं अडतो. तुम्ही पहारेकरीच पुसून टाकलात." आणि मासा लांबच्या टबात टाकला. "बाहेरचा आहे. शंका आहे."

माझं डोकं फिरलं. "बाहेरचा? लातूरचा तू, आन् बाहेरचा माझा मासा?"

"मी पण आधी हात धुऊनच आत आलो होतो," म्हणाले आणि दार लावलं.

थोड्या दिवसांनी, मेणबत्तीचं मेण सांडावं तसे माशावर पांढरे फोड उठले. गायकवाड म्हणाले, व्हायरस. औषध नाही, त्याचं त्यालाच लढायचंय.

मला वाटलं, टोलवतोय. "लढल कशान्? हात तरी हायत का त्याला?"

"व्हायरस एका पेशीत शिरला की ती शेजारच्या पेशींना बोंब मारून सांगते, दारं लावून घ्या. मग त्या सावध होतात."

"आन् ती सोता?"

"ती बहुतेक जाते."

आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर आला तरी कोणी कोणाला सांगत नाही.

मग गायकवाड मला दारातूनच परत पाठवायला लागले. "आज नको. हातांनी रोग इकडचा तिकडे जातो." एका दुपारी जिन्यात मासळी तळल्याचा वास आला. मला माझा मासाच आठवला. तळ्यातलं तेवढंच एक उरलेलं. वर जाऊन दार बडवलं, "गायकवाड! तवा दाखव!"

दार उघडलं. तव्यावर भाकरी. वास तिसऱ्या मजल्यावरचा. पण सगळ्यात मोठ्या, लांबलचक टाकीत माझा एकटा मासा, आणि गायकवाडांचे सोनेरी मासे टबांत, पातेल्यांत, आंघोळीच्या बादलीतसुद्धा. टाकीच्या एका टोकाला हीटर. माझा मासा त्यालाच चिकटलेला.

"उकडताय व्हय त्याला?"

"अहो, माशाला आपल्यासारखा अंगातून ताप येत नाही. आजारी पडला की तो स्वतः उबेकडे जातो. तिथं त्याच्या लढाईला जोर येतो. मी एक बाजू ऊन ठेवलीय, एक गार. कुठं राहायचं ते त्याचं तो ठरवतो. त्याला टाकी लांब लागते."

"आन् तुमच्या टाकीत रोग शिरला त्याचा काय?"

"बघू पुढं," म्हणाले. फ्लॉवरला दाराबाहेर बसवणारा माणूस!

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी कोपरापर्यंत साबण लावून वर जायला लागलो. चहा व्हायचा. ते दवाखान्यातलं सांगायचे, मी तरुणपणी राबलो त्या मिठागरातलं. फोड हळूहळू सुकले, गळून पडले. एकदा बघतो तर मासा गार टोकाला, दाण्यामागे धावतोय.

"गायकवाड, झाला की बरा! पोरानं गच्चीवर मोठा ड्रम धुऊन ठेवलाय. उद्या नेतो."

गायकवाड चष्मा लावून टाकीशी वाकले. बराच वेळ वाकलेले. माशाच्या अंगावर एक ठिपका नव्हता, मला आंधळ्यालाही दिसत होतं.

"राहू द्या अजून," हळूच म्हणाले. "शंका आहे."

बोलताना ते माशाकडे बघतच नव्हते. दाराकडे बघत होते.

मी आयुष्यात कोणाच्या होला हो मिळवलेलं नाही. पण मीही वाकलो, डोळे बारीक केले.

"व्हय," म्हटलं, "शेपटीशी जरासा डाग वाटतो खरा."

"वाटतोय ना?" गायकवाड घाईनं म्हणाले. "मग मी आलं घालून चहा टाकतो."

मी खुर्ची टाकीजवळ ओढून बसलो.