‘सून’ म्हणजे ताबडतोब

एका जंगलात, बाळांनो, राज्यकारभार इंग्रजीतून चाले. प्रजेला इंग्रजी येत नसे. सिंहमहाराजांनाही येत नसे. त्यामुळे कारभार निर्वेध चालला होता.

त्या जंगलातल्या एका डबक्यात बेडकीबाईंची पिल्लं राहत. पाय न फुटलेली, नुसती शेपटीची. एके दिवशी दरड कोसळली, ओढ्याच्या तोंडावर मोठा दगड बसला आणि डबकं आटू लागलं.

बेडकीबाई दरबारात गेल्या. "महाराज, हत्तीला सांगून तेवढा दगड काढवा. पिल्लं मरतील हो!"

"सून," महाराज म्हणाले.

घरची सून नव्हे, बाळांनो. हे इंग्रजी क्रियाविशेषण आहे. अर्थ, ‘लवकरच’. आता ‘लवकरच’ म्हणजे काय, ते रेशनकार्डात नाव घालायला जाल तेव्हा कळेल.

बेडकीबाई पुन्हा गेल्या. पुन्हा ‘सून’. डबक्याची परात झाली, परातीची ताटली.

पूर्वी साहेबाच्या बंगल्यात पिंजऱ्यात राहिलेला एक म्हातारा पोपट होता. बेडकीबाईंनी त्याला गाठलं.

"पोपटकाका, या मेल्या शब्दाचा अर्थ तरी काय?"

"साहेबाच्या देशात फार पूर्वी अर्थ होता, ‘ताबडतोब’."

"मग बिघडला कसा?"

"लोक ‘ताबडतोब’ म्हणायचे आणि कूस बदलून झोपायचे. शेकडो वर्षं. लोक काही सुधारेनात. शेवटी शब्दानंच पड खाल्ली."

बेडकीबाईंनी हे दरबारात सांगितलं. महाराज सद्गदित झाले. दगडाबद्दल नव्हे, शब्दाबद्दल.

"काय सांगता! आमच्या शब्दाचं कुळ एवढं थोर?"

"कोनशिला बसवू, महाराज," प्रधान कोल्हा म्हणाला. "मूळ अर्थ कोरू. वर आपलं नाव, ठळक."

बेडकीबाईंनी तोंडावर आलेली शिवी गिळली. "माझ्या पाहण्यात एक दगड आहे," त्या म्हणाल्या. "ओढ्याच्या तोंडावर. चांगला सपाट आहे. महाराजांचं नाव अगदी ऐसपैस बसेल."

हत्ती धावत गेला. हत्ती धावतो हे जंगलाला त्या दिवशी कळलं. दगड निघाला, पाणी खळाळत आलं आणि चिखलात तडफडणारी पिल्लं पोहू लागली.

दरबारासमोर आता ती शिला उभी आहे. ‘सून म्हणजे ताबडतोब.’ वर फडकं आहे. अनावरण कधी, असं विचारलं की महाराज म्हणतात, "सून."

तात्पर्य: शब्दाचा मूळ अर्थ जरूर शिकावा. त्यानं साहेब कामाला लागत नाहीत, कोनशिलेला लागतात. तेवढ्यात आपण आपलं पाणी सोडवून घ्यावं.