तुळजारामकाकांची जपानी म्हैस

आमच्या शेजारचे तुळजारामकाका घरी आलेल्या पाहुण्याला पाणी विचारण्याआधी त्याच्या पोटाला गिटार लावतात. मग सगळ्यांत जाड तार छेडून म्हणतात, "कानें ऐकूं नकोस, पोटें ऐक." जेवून आलेल्या पाहुण्याला हे जरा जड जातं.

आम्ही कुंभकोणमचे मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमचं मराठी ऐकून पुण्याचे नातेवाईक हसू दाबतात. काका तरुणपणी लग्नांत आणि देवळांच्या उत्सवांत सिनेमाची गाणी वाजवणाऱ्या पार्टीत होते. तेव्हा मद्रासच्या बंदरावर एका खलाशाकडून त्यांनी ही चार तारांची जपानी इलेक्ट्रिक बेस गिटार मिळवली. मधाच्या रंगाचं लाकूड, कडांना काळपट होत गेलेलं. वार्निशला बारीक तडे पडलेत, मान मात्र अजून सरळ. तारांखालची घोडी झिजली तेव्हा त्यांनी समया ओतणाऱ्या कारागिराकडून पितळेची करून घेतली. जुनी वाद्यं जमवणारा चेन्नईचा एक तरुण ती पाहून हळहळला, "सगळं मूळचं असतं तर!"

"माझे दात तरी कुठे मूळचे आहेत?" काका म्हणाले आणि गिटार त्याच्या पोटाला लावली.

दर एकादशीला आमच्या विठ्ठलाच्या भजनमठात काका खांबाला टेकून या गिटारीची साथ करतात. माइक, मिक्सर, वायरी माझ्याकडे. आणि इथूनच मला लाज वाटायला लागते.

बारा वर्षांपूर्वी एक नामांकित भागवतर, म्हणजे आमच्याकडचे भजनी बुवा, गायला आले. पहिल्याच अभंगाला त्यांनी मला खुणेनं बोलावलं. "एक तर मी गातो, नाहीतर ही म्हैस." मी काकांची वायर मिक्सरमधून काढली आणि टोक जमखान्याखाली सरकवलं. फक्त त्या दिवसापुरतं. पण भजन संपल्यावर चारचौघं म्हणाले, "आज किती स्वच्छ ऐकू आलं!" टोक तिथंच राहिलं.

काका डोळे मिटून वाजवत राहिले. मी दर एकादशीला "काका, आज झकास!" म्हणत राहिलो. मन खायचं, म्हणून त्यांची ती जड गिटार मीच उचलून घरी पोचवायचो. ते मला बसवून घ्यायचे, कॉफीचं डिकॉक्शन काढायचे. काकू गेल्यापासून त्या घरात फळीवरचा दुसरा पेला फक्त माझ्यासाठी खाली येतो.

यंदा सरस्वतीपूजेला सगळी वाद्यं आणि वायरी देवापुढे मांडायच्या होत्या. त्या टोकाला हात लावायचं मी दरवर्षी टाळतो. यंदा जमखाना बदलायचा निघाला आणि टोक माझ्या हातात आलं. त्यावर वाळलेलं चंदन होतं, कुंकू होतं. एकदाचं नव्हे, थरावर थर, खालचे काळे पडलेले.

वायर गुंडाळून मी तसाच काकांकडे गेलो. काकांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"पूजेंत कोणतं हत्यार वगळूं नये रे," ते म्हणाले.

"काका, तुम्हाला कधी कळलं?"

"वायर जोडली की ही घूं करते. घूं बंद झाली, त्याच दिवशीं."

"आणि बारा वर्षं गप्प राहिलात?"

"माझ्या पोटांत वाजत होतं की."

मी मान वर न करता म्हणालो, "उद्या विजयादशमीला मी स्वतः जोडतो. कुठल्याही भागवतरांना काय म्हणायचं ते म्हणू देत."

मला वाटलं, खूश होतील. ते नुसते फळीवरून काढलेला पेला पुसत राहिले. पेला कधीच कोरडा झाला होता.

"जोड," ते म्हणाले. "पण मग तुझ्या मनांत कांहीं सलणार नाहीं." पेला माझ्यापुढे ठेवत त्यांनी विचारलं, "तरी कॉफीला येशील ना?"